नळीचे मांस आणि पेंढ्याची पेटी



गेल्या महिन्यात घरभेटीच्या निमित्ताने सिल्वासाच्या कारखान्यांलगतच्या एका चाळीत जाण्याचा योग आला. कुटुंब पाच माणसांचे. यजमान धाग्याच्या कारखान्यात पाळीवर जातात. बाई प्लास्टिकच्या कारखान्यात माल बांधण्याच्या कामावर आहेत. दोन मुले शाळेत. आणि गावाकडची वाडी सुटल्यावर लेकाकडे येऊन राहिलेले, सत्तरी ओलांडलेले वसईचे आजोबा. वेळ दुपारची होती. जेवून जाण्याचा आग्रह झाला व मी तो मोडला नाही. ताटात नळीच्या मांसाचा रस्सा होता. वास उत्तम, रंग उत्तम. परंतु मुलांनी एकेक तुकडा तोंडात बराच वेळ घोळवून हळूच ताटाच्या कडेला ठेवला. आजोबांनी तर तुकड्याला हातही लावला नाही. पाव रश्श्यात बुडवीत ते म्हणाले, "मला रस्साच आवडतो." हे खरे नाही हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होते, आणि प्रत्येकाने ते खरे मानून घेतले.

बाई मला दारापर्यंत पोहोचवायला आल्या, तेव्हा त्यांच्या मनातले बाहेर पडले. "फादर, शिट्ट्या वाढवून पाहिल्या, व्हिनेगर घालून पाहिलं, काही उपयोग नाही. अंडरकट आम्हांला परवडत नाही. आता हे मांस आणायचंच बंद करते. बाबांच्या पानात नुसता रस्सा वाढताना मलाच कसंतरी होतं."

त्या वेळी मी त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. वास्तविक या विषयात मीही एकदा तोंडावर आपटलेलो आहे. साहाय्यक धर्मगुरू म्हणून नवा नवा नेमलो गेलो असताना, स्वयंपाकी रजेवर होता व चार पाहुणे येणार होते, म्हणून मी मोठ्या उत्साहाने स्वतःच पातेले चढविले. जाळ जितका मोठा तितके मांस लवकर शिजेल, असा माझा सिद्धान्त. दोन तास पातेले खदखदत होते. पाहुण्यांनी सौजन्याने चर्वण केले. एक वयोवृद्ध फादर एवढेच म्हणाले, की सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या जोडीला पाकशास्त्राचाही एक तास असावयास हवा होता. त्यांचे म्हणणे मला पटले, परंतु ते का पटावे हे कळायला पुढे पुष्कळ वाचन आणि पुष्कळ पातेली लागली. तेच आज येथे मांडतो.

प्रथम एक खुलासा. सिल्वासाच्या दोन्ही अंगांना असलेल्या राज्यांत, म्हणजे गुजरातेत आणि २०१५ सालापासून महाराष्ट्रातही, गाय, बैल व वळू यांची कत्तल कायद्याने बंद आहे. तेव्हा या लेखात 'बीफ' म्हणजे ज्याला दुकानात 'मोठ्याचे' म्हणतात ते म्हशी-रेड्याचे मांस समजावे, आणि तेही परवाना असलेल्या दुकानातून रीतसर घेतलेले. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी जून बोकडाच्या मटणाला हीच रीत लावावी. तत्त्वात फरक पडत नाही.

आता प्रश्न असा, की एकाच जनावराच्या अंगावरचा अंडरकट लोण्यासारखा आणि नळी वादीसारखी, असे का? अंडरकट हा पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूला निवांत पडून असलेला स्नायू. त्याला फारसे काम नाही. नळी, मान, छातीकडचा सीना व शेपूट यांना जन्मभर काम. शेकडो किलो वजनाचे धूड पायांवर तोलायचे, मान खाली घालून चरायचे, चिखलातून पाय उपसायचा. असे श्रम करणाऱ्या स्नायूंना बांधून ठेवण्यासाठी निसर्ग त्यांच्यात चिवट पांढऱ्या तंतूंचे जाळे विणतो. या द्रव्याला शास्त्रज्ञ कोलॅजन म्हणतात. वय वाढते तसे या तंतूंचे आपापसांतले दुवे अधिकाधिक पक्के होतात. आपल्या बाजारात येणारी म्हैस बहुधा दुधाची वर्षे संपल्यावरच येते; तेव्हा तिची नळी चिवट असणार यात नवल नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातले पुष्ट वासरू झटपट भाजून पंगतीला वाढता आले, कारण ते गोठ्यात खाऊन-पिऊन सुखी होते. आपली नळी म्हणजे त्या दाखल्यातला थोरला मुलगा होय; वर्षानुवर्षे शेतात राबलेला, आणि म्हणूनच समजूत काढायला कठीण.

परंतु गंमत अशी, की हेच चिवट कोलॅजन ओलाव्यात पुरेसा वेळ गरम राहिले म्हणजे विरघळते व त्याचे जिलेटिन होते. थंडीत रस्सा रात्रभर राहिला की सकाळी जेलीसारखा थिजतो, ते हेच. जिलेटिन झालेले मांस चमच्याने तुटते, ओठांना किंचित चिकटते, आणि रश्श्याला असा दाटपणा येतो की जो खोबऱ्याने किंवा पिठाने येत नाही. अंडरकटमध्ये हे द्रव्य फारसे नसल्यामुळे त्याचा रस्सा कितीही शिजवा, पाणीदारच राहतो. म्हणजे स्वस्त तुकड्यात जे वैगुण्य दिसते, तेच त्याचे भांडवल आहे.

मात्र या रूपांतराला घाई चालत नाही. साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या सुमारास कोलॅजन आकसू लागते, आणि सत्तरच्या पुढे ते बऱ्या गतीने विरघळू लागते. पण 'बऱ्या गतीने' म्हणजे काही तास. दुसरीकडे मांसाचे जे मूळ धागे आहेत ते याच उष्णतेला आवळतात व आपल्यातले पाणी पिळून बाहेर टाकतात. खदखदून उकळणाऱ्या पाण्यात हे पिळणे जोराने होते. तासाभराने भांडे उघडून पाहावे तर पाणी निघून गेलेले आणि कोलॅजन अद्याप विरघळलेले नाही. मांसाची ही सर्वांत वाईट अवस्था. आमच्या बहुतेक भगिनी नेमक्या याच क्षणी निराश होऊन गॅस बंद करतात व मांसाला दोष देतात. वास्तविक आणखी दोन-तीन तास मंद कढावर ते राहिले असते तर प्रकरण मिटले असते. कढ कसा असावा? पाण्यावर एखाद-दुसरा बुडबुडा आळसावून वर यावा, फुटावा, आणि दुसऱ्याने जरा वेळ घ्यावा. बस्स.

येथे प्रेशर कुकरचा कैवार घेणारे वाचक पुढे सरसावतील. कुकरविषयी माझे वाईट मत नाही. त्याचा मूळपुरुष डेनी पापँ हा फ्रान्समध्ये जन्मलेला ह्युगनॉ, म्हणजे आपल्या चर्चबाहेरचा. पण स्वयंपाकघरात सर्व ख्रिस्ती एकच आहेत. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले यंत्र सादर केले, आणि लक्षात घ्या, त्याचा हेतूच मुळी हाडे व निबर मांस मऊ करण्याचा होता, जेणेकरून गरिबाच्या ताटात टाकाऊ वस्तूतून अन्न पडावे. १६८२ साली त्याने सोसायटीच्या सभासदांना या यंत्रात शिजविलेले जेवण वाढले. जॉन एव्हलिन या गृहस्थाने त्याची हकीकत आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्याला सुरक्षेची झडपही बसविली. आपल्या कुकरची शिट्टी ही तिचीच नात-पणती.

बंद भांड्यात वाफेचा दाब वाढला म्हणजे पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते, आणि कोलॅजन तासांऐवजी मिनिटांत विरघळते. तेव्हा ज्या घरी वेळच नाही तेथे कुकर जरूर वापरावा. मात्र शिट्ट्या मोजू नयेत, घड्याळ पाहावे. पहिली शिट्टी झाली की जाळ अगदी बारीक करावा आणि नळीला पाऊण तास ते एक तास द्यावा. नंतर कुकर आपला आपण निवू द्यावा. शिट्टी उचलून वाफ सोडली की दाब एकदम उतरतो, मांसाच्या आतले पाणी तत्क्षणी उकळून निघून जाते, आणि मऊ झालेले मांससुद्धा भुश्शासारखे कोरडे लागते. त्या चाळीतल्या बाईंची चूक हीच होती. चार शिट्ट्या, आणि मग घाईने वाफ सोडणे. कामावर जायचे असल्यावर दुसरे काय करणार?

तरीही मंद आचेवरच्या पातेल्याची सर कुकरला येत नाही असे मी म्हणेन. गोव्याकडच्या आमच्या कुटुंबांत 'रोस' म्हणून जो पदार्थ करतात तो पाहा. नाव भाजण्याचे, पण भट्टी नाही. मांसाच्या सबंध तुकड्याला आले, लसूण, मिरी व माडाच्या ताडीचे व्हिनेगर चोळून ठेवायचे, मग जाड बुडाच्या भांड्यात सर्व अंगांनी तांबूस करून थोड्याशा पाण्यात झाकून मंद शिजवायचे. वसईकडच्या घरी हेच काम उन्हाळ्यात कांडून बाटल्यांत भरून ठेवलेल्या मसाल्यावर होते. केरळातून कारखान्यांत नोकरीला आलेली आमची कुटुंबे मांस आधी शिजवून घेतात आणि मग खोबऱ्याच्या कापांबरोबर व कढीपत्त्याबरोबर काळसर होईपर्यंत परततात. एकाच पंथाच्या तीन चुली, आणि तिघींनाही आपलीच रीत मूळची वाटते. व्हिनेगर आणि लसूण यांची जोडी तर पोर्तुगीजांबरोबर आली. विंदालू या शब्दातच द्राक्षासव आणि लसूण यांची पोर्तुगीज नावे दडलेली आहेत. पोर्तुगीज येथून १९५४ साली गेले, व्हिनेगर राहिले.

व्हिनेगरविषयी एक गैरसमज दूर करतो. ते रात्रभर चोळून ठेवले म्हणजे नळी मऊ होते, ही समजूत चुकीची आहे. आंबट पदार्थ मांसात वरवरच शिरतो. मीठ मात्र हळूहळू आत जाते व शिजताना पाणी धरून ठेवण्यास मदत करते. म्हणून मीठ आदल्या रात्रीच लावावे. कच्च्या पपईचा चीक स्नायूंचे धागे तोडतो हे खरे, परंतु तोही पृष्ठभागापुरताच, आणि उकळी आली की त्याचा गुण संपतो. फार लावला तर वरून लगदा व आतून वादी अशी गत होते. तसाच दुसरा समज असा, की मांस आधी तेलात परतले म्हणजे आतला रस कोंडला जातो. लीबिग नावाच्या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे प्रतिपादिले, आणि त्याच्या थोरपणामुळे ती चूक अजून पाकपुस्तकांतून नांदते आहे. परतल्याने रस कोंडत नाही. परतावे ते स्वादासाठी. तांबूस झालेल्या मांसाला जी खमंग चव येते ती पाण्यात कधीही येत नाही, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जातच नाही.

आता प्रत्यक्ष कृती. एक किलो नळीचे मांस घ्यावे, खाटकाला सांगून हाडासकट. हाडातली मज्जा रश्श्यात उतरते. तुकडे चांगले अंडाएवढे ठेवावेत. बारीक केले तर लवकर शिजतील असे वाटते, पण ते कोरडे पडतात. रात्री दोन चहाचे चमचे मीठ लावून झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी फडक्याने कोरडे पुसून, तेल तापवून, थोडे थोडे तुकडे तांबूस करून काढावेत. सर्व एकदम टाकले तर पाणी सुटते व परतण्याऐवजी उकडणे होते. त्याच तेलात तीन कांदे, आले-लसूण, दोन चमचे बाटलीचा मसाला, दोन टोमॅटो आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. मांस परत घालून, ते जेमतेम बुडेल इतके उकळते पाणी ओतावे. उकळी आली की जाळ बारीक करून झाकण लावावे, आणि तीन-साडेतीन तास भांड्याकडे न पाहण्याचा संयम राखावा. जनावर फार जून असेल तर चार. बटाटे घालायचे असल्यास ते वेगळे उकडून शेवटी सोडावेत. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.

एवढे सगळे मी एका कागदावर लिहून त्या चाळीत नेऊन दिले. बाईंनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "फादर, चार तास गॅस कोणाच्या पैशानं?"

मी निरुत्तर झालो. स्वस्त मांस घेऊन महाग सिलिंडर जाळायचा, यात काटकसर ती कोणती? शिवाय चार तास चुलीपाशी कोण थांबणार? रविवारीसुद्धा मिस्सा आहे, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आहे. परतताना रस्त्याच्या कडेला, जेथे अद्याप शेते शिल्लक आहेत तेथे, कापणीनंतर रचून ठेवलेला भाताचा पेंढा दिसला, आणि एक जुनी वाचलेली गोष्ट आठवली.

१८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात 'नॉर्वेचा चूल्हा' म्हणून एक पेटी मांडली होती. पेटीला आतून उष्णता न सोडणाऱ्या वस्तूचे जाड अस्तर. अन्न विस्तवावर उकळून भांडे त्या पेटीत बंद करायचे; पुढचे शिजणे विस्तवावाचून. दोन्ही महायुद्धांत इंधनाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडमधील गृहिणींनी लाकडी खोक्यात सुके गवत भरून हीच युक्ती वापरली. आपल्याकडे १९१० साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी काढलेला इकमिक कुकर थोड्या वेगळ्या रीतीने, पण थोड्याशा कोळशावर अन्न सावकाश शिजविण्याच्या याच बुद्धीने बनला होता. यात गूढ काहीच नाही. पेंढ्याच्या काड्यांत व काड्यांमध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजी बाहेर जाऊ देत नाही. नळीला खदखदा उकळी नकोच आहे. तिला हवे आहे ते तासन्‌तास टिकणारे ऐंशी-नव्वद अंशांचे ऊबदार पाणी. पेंढ्याची पेटी नेमके तेच देते, आणि फुकट.

बाईंच्या यजमानांनी कारखान्यातून मालाचे एक रिकामे लाकडी खोके परवानगी घेऊन आणले. तळाशी वीतभर सुका पेंढा दाबून भरला, मध्ये भांड्याच्या मापाची पोकळी ठेवली, भोवताली पुन्हा वीतभर पेंढा. वर घालायला गोणपाटात पेंढा भरून शिवलेली उशी. आजोबांनी उशी स्वतः शिवली; वाडीवर त्यांचा हात अशा कामांत मुरलेला होता.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला सुरुवात झाली. परतणे आटोपून पाऊण तास मंद कढ दिला. भांडे घट्ट झाकणाचे आणि जवळजवळ काठोकाठ भरलेले घेतले. अर्धे रिकामे भांडे लवकर निवते, हा पेटीचा पहिला नियम. साडेसातला उकळते भांडे पेटीत ठेवून वर उशी दाबली, आणि कुटुंब मिस्साला आले. दहा वाजता घरी परतल्यावर भांडे काढून पुन्हा दहा मिनिटे खळखळून उकळले व परत पेटीत ठेवले. ही मधली उकळी चुकवू नये. साठ अंशांच्या खाली उतरलेला मांसाचा रस्सा म्हणजे रोगजंतूंची मेजवानी. काही जंतूंची बीजे पहिल्या उकळीलाही दाद देत नाहीत आणि रस्सा कोमट होताच वाढू लागतात. म्हणून भांडे रात्रभर पेटीत विसरू नये, मध्ये मध्ये उघडून पाहू नये, आणि वाढण्यापूर्वी शेवटची एक उकळी द्यावीच. काढताना भांडे कोमट लागले तर पेंढा कमी पडला किंवा ओला होता असे समजून ते अन्न टाकून द्यावे.

त्या रविवारी एक वाजता भांडे काढले तेव्हा त्याला बोट लावता येत नव्हते. मला बोलावणे होतेच. मांस हाडापासून सुटून आले होते. तरी एक-दोन जाड तुकड्यांत अजून तट होता. बाईंचे तोंड उतरलेले दिसले. पुढच्या खेपेस पहिला कढ पाऊण तासाऐवजी तासभर दिला आणि तो तटही गेला. पण पहिल्याच दिवशी आजोबांनी एक तुकडा चमच्याने मोडला, तोंडात टाकला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, व्हिनेगर जरा जास्त झालंय." बाई हसल्या. गेल्या वर्षभरात त्या घरी मांसाच्या चवीविषयी ते बोललेले हे पहिले वाक्य होते, असे मला मागाहून समजले.

पेटी आता चाळीच्या व्हरांड्यात असते. बाईंनी काल निरोप पाठविला आहे, की शेजारच्या काठियावाडी बाई, ज्यांच्या घरी मांसाचे नाव काढीत नाहीत, त्याही पेटी मागायला आल्या होत्या. त्यांना वाल शिजवायचे आहेत. पेटी द्यायला हरकत नाही, पण उशी नवीन शिवून द्यावी म्हणून आजोबा सुई-दोरा घेऊन बसले आहेत.